नकाशेवाल्याची पृथ्वीप्रदक्षिणा

[दृश्य : विमानातून टिपलेला खवळलेला समुद्र, मधोमध एक बोट]

हे केप हॉर्न. तारीख २० मार्च १९६७. दक्षिण अमेरिकेच्या या टोकाशी वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. लाटांत वरखाली होणारी ही ‘जिप्सी मॉथ ४’, लांबी सुमारे ५४ फूट. शिडं चढवायची-उतरवायची, सुकाणू बघायचं, स्वयंपाक करायचा, सगळं एकाच माणसाने. फ्रान्सिस चिचेस्टर, वय ६५. व्यवसाय : लंडनमध्ये नकाशे छापून विकणं.

[दृश्य : सेक्स्टंट, अगदी जवळून]

त्यांच्या धाडसाचं कौतुक जगाने केलंच. पण चिचेस्टर समजून घ्यायचे तर सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजणाऱ्या या यंत्राकडे, सेक्स्टंटकडे, बघायला हवं. सेक्स्टंटच्या आरशातून सूर्य खाली आणायचा, क्षितिजाला टेकवायचा, त्याच क्षणी घड्याळ बघायचं आणि नाविक पंचांगातले आकडे घेऊन गणित मांडायचं. एवढं करून हाती येते नकाशावरची फक्त एक रेघ. आपण त्या रेघेवर आहोत, एवढंच कळतं. नेमके कुठे, ते नाही.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, पाण्यावर उतरणारं दुपंखी विमान]

ही विद्या त्यांनी आधी आकाशात वापरली. १९१९ मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा दहा पौंड घेऊन इंग्लंडहून न्यूझीलंडला गेला. लाकूड आणि जमिनीच्या धंद्यात जम बसला, मग विमानाचं वेड लागलं. १९३१ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियामधला टास्मन समुद्र पूर्वेकडून पश्चिमेला एकट्याने ओलांडायचं त्यांनी ठरवलं. एका दमात तेवढं इंधन पुरणार नव्हतं. वाटेत नॉरफोक बेट गाठणं भाग होतं, आणि ते बेट जेमतेम आठ किलोमीटर लांब.

सरळ बेटाचा रोख धरला आणि बेट दिसलंच नाही, तर वळायचं कुठे? डावीकडे की उजवीकडे? म्हणून त्यांनी मुद्दामच रोख एका बाजूला ठेवला. बेटावरून जाणारी सूर्याची रेघ गणिताने काढली आणि त्या रेघेवर पोचताच वळले. बेट कुठल्या हाताला आहे, याबद्दल आता शंकाच नव्हती. आणि हे सगळं विमान चालवता चालवता! एका हातात सेक्स्टंट, मांडीवर कागद.

बेट सापडलं. पुढे लॉर्ड हाउ बेटावर वादळाने विमान उलटवलं. बेटावरच्या लोकांना हाताशी घेऊन त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि उरलेला समुद्र पार केला.

[दृश्य : नकाशे, जिगसॉचे तुकडे]

महायुद्धात एकट्याने लढाऊ विमान नेणाऱ्या वैमानिकांसाठी त्यांनी हीच पद्धत लिहून काढली. युद्ध संपलं आणि ब्रिटिश हवाई खात्याचे पंधरा हजार जादा नकाशे त्यांनी विकत घेतले, पुठ्ठ्यावर चिकटवले आणि त्यांची जिगसॉ कोडी करून विकली. नकाशांची कंपनी उभी राहिली ती या व्यवहारातून. धंदा आणि छंद असे एकाच कागदावर आलेली माणसं थोडीच.

१९५८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. पत्नी शीला खंबीरपणे पाठीशी राहिल्या. १९६० मध्ये अटलांटिकची एकट्यांची शर्यत त्यांनी चाळीस दिवसांत जिंकली.

[दृश्य : प्लिमथ, किनाऱ्यावर गर्दी]

२७ ऑगस्ट १९६६ रोजी ते इंग्लंडमधल्या प्लिमथहून जगाच्या फेरीला निघाले. १०७ दिवसांनी सिडनी. तिथून निघाल्यावर त्याच टास्मन समुद्रात बोट रात्री उलटली आणि आपोआप सरळ झाली. आत पाणी, सामानाचा चिखल. उपसून पुढे. २८ मे १९६७ रोजी परत प्लिमथला. साऱ्या जगाच्या फेरीत मुक्काम एकच, सिडनीचा.

[दृश्य : ग्रिनिच, राणी आणि तलवार]

पहिल्या एलिझाबेथच्या काळी इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकला ‘सर’ करताना वापरलेली ही तलवार. दुसऱ्या एलिझाबेथने तीच चिचेस्टर यांच्या खांद्यावर टेकवली. १९७२ मध्ये ते गेले. बोट बरीच वर्षं ग्रिनिचला कोरड्यात उभी होती. २००५ मध्ये ती दुरुस्त झाली, पुन्हा जगाच्या फेरीला निघाली, वाटेत प्रवाळावर आदळली, परत दुरुस्त झाली आणि २८ मे २००७ रोजी प्लिमथला पोचली.