कासव सुलटे कोण करील?

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘विज्ञानपटांतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माणूसपण’ असा छापला आहे, आणि मी मुख्यतः ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधील, अंतराळयान चालवणाऱ्या हॅल या संगणकाविषयी बोलेन, असे संयोजकांना कळवले होते. हॅलकडे मी येणारच आहे. परंतु गेली कित्येक वर्षे एक कासव माझ्या मनात ठाण मांडून बसले आहे, आणि त्याच्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला. त्यातली कथा २०१९च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसमध्ये घडते. तिथे कारखान्यात घडवलेले, दिसायला हुबेहूब माणसासारखे असे ‘रेप्लिकंट’ आहेत. त्यांना जेमतेम चार वर्षांचे आयुष्य दिलेले आहे आणि त्यांना ओळखून काढण्यासाठी एक चाचणी आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच लिऑन नावाच्या कामगाराची ही चाचणी चालू असते. वाळवंटात तुला एक कासव दिसते, असे परीक्षक सांगू लागतो, तर लिऑन विचारतो, कासव म्हणजे काय? आपल्याकडे पाण्यातले काय आणि जमिनीवरचे काय, दोन्ही कासवच, त्यामुळे हा संवाद मराठीत आणायचा म्हटले तर तिथेच अडतो. इंग्रजीत मात्र त्यांना दोन वेगळे शब्द आहेत आणि लिऑनला त्यांतला एक ठाऊक नाही. परीक्षक पुढे म्हणतो की तू ते कासव उलथे पाडलेस, त्याचे पोट उन्हात भाजते आहे, पाय झाडूनही त्याला सुलटे होता येत नाही, आणि तू त्याला मदत करत नाहीस. लिऑन कासावीस होऊन विचारतो, “मदत करत नाही म्हणजे काय?”

या प्रश्नाकडे कोणाचेच लक्ष नसते. यंत्राचे भिंग लिऑनच्या डोळ्याच्या बाहुलीवर रोखलेले असते. प्रश्न ऐकून मनात भावना उमटते का, हे ओळखण्यासाठी बाहुली किती आकसते, किती विस्फारते, एवढेच टिपायचे असते. यंत्र विचार करते का, हे ठरवण्यासाठी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात जी कसोटी मांडली, तिच्यात शरीर पडद्याआड होते आणि केवळ बोलणे तपासले जात होते. इथे नेमके उलटे आहे: बोलणे वाऱ्यावर सोडले आहे आणि शरीर तपासले जाते आहे. माझा आक्षेप या दोन्ही कसोट्यांवर आहे. कासवाला कोणी सुलटे केले का, हे पाहण्याची सोय दोहोंतही नाही.

नोव्हेंबरचा उल्लेख आला म्हणून एक घरची गोष्ट सांगतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे या सभागृहातल्या अनेकांना सांगायला नको. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. त्या वर्षी ती ८२ वर्षांची होती. खिडकीशी बसलेल्या मुलाने तिचा अंगठा काचेवर ठेवायला सांगितले. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. आयुष्यभर खडू, राख आणि धुण्याचा साबण यांनी त्या बोटांवरच्या रेषा झिजवून टाकल्या होत्या, अंगठा कागदासारखा गुळगुळीत झाला होता. “आजी, मशीन घेत नाहीये,” मुलगा म्हणाला. आई म्हणाली, “अरे बाळा, मी तुझ्याशी बोलतेय ना?” तो मुलगा उद्धट नव्हता, हेही मला सांगितले पाहिजे, त्याला आई दिसत होती, ऐकू येत होती, आणि तरीही ती हयात आहे असे लिहिण्याचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. त्या दिवशी आम्ही परत आलो. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. तिसऱ्या खेपेला रांगेत बऱ्याच मागे उभ्या असलेल्या एक बाई स्वतःचा नंबर सोडून पुढे आल्या. त्यांनी आईचा हात दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ चोळला, अंगठा आपल्या पदराने पुसला आणि स्वतःच्या बोटांनी तो काचेवर दाबून धरला. हिरवा दिवा लागला. त्या बाई रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभ्या राहिल्या.

‘ब्लेड रनर’च्या अखेरीला रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय बॅटी आपल्याला मारायला आलेल्या डेकार्डसमोर उभा आहे. बॅटीचे आयुष्य संपत आले आहे, हात आखडू लागला म्हणून त्याने आपल्याच तळव्यात खिळा खुपसला आहे. डेकार्ड उंच इमारतीवरच्या एका तुळईला लोंबकळतो आहे, त्याची बोटे सुटतात, आणि बॅटी त्याचे मनगट पकडून त्याला वर ओढतो. लिऑनने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळते. त्या क्षणी बॅटीच्या डोळ्याची बाहुली कशी होती, हे पाहायला तिथे यंत्र नव्हते.

पाचच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा हॅलविषयीचे म्हणणे थोडक्यात मांडतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८च्या या चित्रपटात सर्वांत भावपूर्ण आवाज हॅलचा आहे, असे समीक्षक नेहमी म्हणतात, आणि ते खरेच आहे. यानातल्या फ्रँक पूल या अंतराळवीराला आईवडिलांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर तो निर्विकार पडून राहतो. त्याचा सहकारी डेव्ह बोमन याची रेखाचित्रे आस्थेने पाहायला मागतो तो हॅल. भावनांची चाचणी घेतली असती, तर हे दोघे अंतराळवीर नापास झाले असते आणि हॅल उत्तीर्ण. परंतु तोच हॅल यानाबाहेर गेलेल्या पूलला मारतो, शीतनिद्रेतल्या तिघांचे श्वास थांबवतो. आणि ज्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही असा बोमन मात्र पूलला आणायला इतक्या घाईने बाहेर पडतो की शिरस्त्राण न्यायचे राहून जाते. छोट्या यानाच्या यांत्रिक हातांनी तो मित्राचा देह उचलून आणतो. हॅल दार उघडत नाही, म्हणून आणीबाणीचे दार उघडण्यासाठी तेच हात मोकळे करावे लागतात, आणि देह अवकाशात सोडून द्यावा लागतो.

त्यानंतर बोमन हॅलच्या स्मृतीचे एकेक ठोकळे काढू लागतो. मला भीती वाटते, असे हॅल म्हणतो. मग, मला एक गाणे शिकवले होते, ऐकायचे असेल तर म्हणून दाखवतो, असे म्हणतो. ते ‘डेझी बेल’. बेल प्रयोगशाळेत १९६१ साली खऱ्याखुऱ्या संगणकाकडून म्हणवून घेतलेले तेच गाणे. चार सहकाऱ्यांना मारणाऱ्या त्या यंत्राला बोमन उत्तर देतो, “हो, मला ऐकायचे आहे, हॅल. माझ्यासाठी म्हण.”