काळी वेस, काळा पूल: ट्रिअरमधलं रोम

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, लक्झेंबर्गच्या सीमेजवळ, मोझेल नदीच्या काठी ट्रिअर हे शहर आहे. वस्ती लाखाच्या आसपास. चौथ्या शतकात मात्र रोमन सम्राट इथे राहून राज्य करत होते, कॉन्स्टंटाइनही त्यांतलाच. रोमन काळातल्या ज्या वास्तू आज उभ्या आहेत, त्या का उभ्या राहिल्या आणि बाकीच्या का गेल्या, हे आज पाहू.

सुरुवात नदीपासून करू, कारण शहराची सुरुवातही तिथूनच झाली. इथे ट्रेव्हेरी नावाच्या जमातीचा मुलूख होता. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमनांनी नदीवर ओकच्या खुंटांचा पूल बांधला. ते खुंट नदीच्या तळाशी सापडले आणि त्यांच्यावरून पुलाचं साल कळलं: इ.स.पू. १८-१७. ओकच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढतं. चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. या रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम साल माहीत असलेल्या जुन्या लाकडांशी जुळवत मागे जाता येतं. सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं हेही सांगता येतं. नदीतलं लाकूड दोन हजार वर्षं टिकतं ते कायम पाण्याखाली राहिलं तरच. जिथे पाण्याची पातळी वर-खाली होते, तिथे ते आधी कुजतं. लाकडी खुंटांच्या पुलाचं खरं दुखणं हेच.

म्हणून दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमनांनी दगडी खांब घातले. प्रवाहातला खांब बांधायचा तर आधी पाणी अडवावं लागतं. जागेभोवती खुंटांचं कुंपण ठोकायचं, फटी चिकणमातीने बुजवायच्या, आतलं पाणी उपसायचं आणि उघड्या पडलेल्या तळावर पाया घ्यायचा. खांबांना दगड वापरला तो आयफेल डोंगराळ प्रदेशातला काळा बसाल्ट. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला खांब टोकदार ठेवले, म्हणजे पाणी आणि बर्फाचे तुकडे दोन्हीकडे फाकतात. रोमन काळात वर लाकडी मार्ग होता, दगडी कमानी मध्ययुगातल्या. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने पूल उडवला आणि १७१६ ते १७१८ दरम्यान तो पुन्हा बांधला. आजच्या खांबांपैकी पाच रोमन आहेत आणि त्यांच्यावरून मोटारी धावतात. पुलावरून चालताना यातलं काहीच दिसत नाही. काठावर उतरून खालचा काळा दगड पाहावा.

आता शहराची उत्तरेकडची वेस, पोर्टा निग्रा. या नावाचा अर्थच काळी वेस. हे नाव मध्ययुगातलं. मूळचा फिकट वालुकाश्म हवेने आणि धुराने काळवंडला, त्यावरून पडलेलं. वेस सुमारे ३६ मीटर रुंद आणि ३० मीटर उंच आहे. पायाजवळच्या लाकडावरून तिचं बांधकाम इ.स. १७० च्या सुमाराचं ठरलं. सर्वांत मोठे चिरे सहा टनांपर्यंतचे, आणि दोन चिऱ्यांमध्ये चुना मुळीच नाही. शेजारशेजारचे चिरे लोखंडी पकडींनी जोडले आणि पकडीच्या खाचेत वितळलेलं शिसं ओतलं. शिसं पकड घट्ट धरतं आणि लोखंडाला पाणी लागू देत नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाची कड फोडतं. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण ऐकलेलं असतं, तिथल्या चिरेबंदीची आठवण इथे होते.

भिंतीजवळ गेलात की चिऱ्यांच्या सांध्यांवर खोल भोकं दिसतील. ती गोळ्यांची नाहीत. मध्ययुगात लोखंड आणि शिसं महाग होतं, म्हणून लोकांनी दगड फोडून पकडी काढून नेल्या. तरीही वेस उभी आहे, कारण चिऱ्यांचं वजनच त्यांना जागेवर धरून ठेवतं. अर्धगोल खांब पाहा, ते ओबडधोबड आहेत. चिरे वाहतुकीत टवकू नयेत म्हणून थोडे जाड ठेवत, आणि जागेवर बसल्यावर घडवत. हे शेवटचं घडवणं इथे झालंच नाही.

शहराच्या बाकीच्या वेशींचे दगड लोकांनी नेले, ही मात्र वाचली. सिमेऑन नावाच्या ग्रीक साधूने १०२८ नंतर हिच्या बुरुजात स्वतःला कोंडून घेतलं. १०३५ मध्ये तो वारला आणि वेशीचंच चर्च झालं, एकावर एक अशी दोन मजल्यांवर दोन. देवळाचा दगड कोण काढणार? १८०४ मध्ये नेपोलियनने चर्चचं बांधकाम काढून मूळ वेस मोकळी करायला सांगितलं. पूर्वेची अर्धगोल बाजू मात्र बाराव्या शतकातली, ती राहू दिली. तिला रोमन समजू नका.

कॉन्स्टंटाइनच्या दरबाराचा दिवाणखाना चौथ्या शतकाच्या आरंभीचा: आत ६७ मीटर लांब, ३३ मीटर उंच, मध्ये एकही खांब नाही. सगळं काम विटांचं. जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली होती. बाहेरच्या भट्ट्यांतली गरम हवा तिच्याखालून फिरून भिंतींतल्या पोकळ विटांमधून वर जाई. टोकाच्या अर्धगोलातल्या मधल्या खिडक्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत, म्हणजे ती जागा आहे त्याहून दूर भासते आणि तिथे बसलेला सम्राट मोठा वाटतो. मला ही ट्रिअरमधली सर्वांत हुशार योजना वाटते. पुढे इमारत आर्चबिशपच्या वाड्यात गेली, १८५६ पासून प्रोटेस्टंट चर्च झाली आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. दुरुस्ती करताना आतली वीट उघडी ठेवली. रोमन काळात मात्र आत संगमरवराच्या पातळ फरश्या आणि बाहेर गिलावा होता. खिडक्यांच्या कडांना रंगीत गिलाव्याचे अवशेष अजून आहेत, मान वर करून शोधावे लागतात.

राजस्नानगृहं भव्य आहेत, पण स्नानासाठी ती कधी पुरी झालीच नाहीत. तिथले नोकरांचे भुयारी मार्ग मात्र जरूर चालून पाहा.

एक वास्तू गैरसमजाने वाचली. शहरापासून काही किलोमीटरवर इगेल गावात, सुमारे इ.स. २५० मधला २३ मीटर उंच स्तंभ आहे. तो सेकुंडिनी या कापडव्यापारी कुटुंबाचं स्मारक. त्यावरच्या जोडप्याला लोक कॉन्स्टंटाइनचे आईवडील समजले. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना ही ख्रिस्ती संत, म्हणून स्तंभाला कोणी हात लावला नाही. त्यावर कापडाची पारख आहे, स्वयंपाकघर आहे, दोरांनी ओढली जाणारी नाव आहे. पण वालुकाश्म झिजल्यामुळे हे नुसत्या डोळ्यांनी नीट ओळखू येत नाही. म्हणून आधी ट्रिअरच्या ऱ्हाइनिश लांडेस म्युझियमच्या अंगणातली त्याची रंगीत प्रतिकृती पाहावी, कोणत्या बाजूला काय आहे ते लक्षात ठेवावं आणि मग इगेलला जावं.

नमस्कार.