फोटो चढला, पण दिसेना

सांगलीचं मार्केट यार्ड. हळकुंडाचा रंग परपेठेतल्या व्यापाऱ्याला सौद्याआधी दिसावा, म्हणून अडत दुकानाचे दिवाणजी लॉटचे फोटो वेबसाइटवर चढवतात. 'अपलोड झालं' असा संदेशही येतो. व्यापारी पेज उघडतो, तर फोटोच्या जागी रिकामी चौकट. फोटोची लिंक थेट उघडली तर ४०३, फॉरबिडन.

फाइल सर्व्हरवर आहे, पण वाचायची परवानगी नाही.

अपलोड झालेली फाइल पीएचपी (वेबसाइटची स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिली आहे ती) आधी तात्पुरत्या फोल्डरात ठेवतं. तिथे तिची परवानगी ०६०० असते: मालकाला वाचता-लिहिता येतं, इतरांना काहीच नाही. मालक म्हणजे दिवाणजी नव्हेत. स्क्रिप्ट ज्या युजरच्या नावाने चालते, तो. फाइल 'रीनेम'ने हलवली तर ०६०० तशीच राहते, आणि एनजिनएक्स (पेज आणि फोटो पाठवणारा वेब सर्व्हर) वेगळ्या युजरवर चालत असेल तर त्याला फोटो वाचता येत नाही. म्हणून 'मूव्ह अपलोडेड फाइल' हेच फंक्शन वापरा. फाइल खरंच अपलोडमधून आली का, हे ते तपासतं आणि परवानगी युमास्कप्रमाणे (नव्या फाइलवर कोणत्या परवानग्या वगळायच्या, ते सांगणारी सेटिंग) नव्याने लावतं. युमास्क ०२२ असेल तर ०६४४ मिळते: मालकाला वाचता-लिहिता येतं, इतरांना फक्त वाचता.

स्क्रिप्टमध्ये चमॉड (परवानगी बदलणं) करताना पुढचं शून्य गाळू नका. परवानगीचे आकडे अष्टमानात (० ते ७ अंकांत) असतात, पण नुसतं ६४४ पीएचपी दशमान धरतं. अष्टमानात ते १२०४ होतं. मग खुद्द मालकालाच फाइल वाचता येत नाही.

तरीही ४०३ येत असेल तर सर्व्हरवर 'नेमआय -एल' या कमांडला फाइलचा पूर्ण पाथ द्या; ती वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी दाखवते. वाटेतल्या एखाद्या फोल्डरवर वेब सर्व्हरच्या युजरला 'एक्स' (फोल्डरात शिरण्याची परवानगी) नसेल, तर आतली ६४४ निरुपयोगी आहे.

इथे वैतागून फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देतात. कृपा करून देऊ नका. सर्व्हरवरच्या परक्या खात्यालाही तिथे लिहिण्या-खोडण्याची मुभा मिळते. फोल्डर पीएचपीच्या युजरच्या मालकीचा असेल तर ७५५ (लिहिणं फक्त मालकाला) पुरे. एफटीपीचा (फाइली थेट सर्व्हरवर पाठवण्याच्या सोयीचा) युजर वेगळा असेल तर दोघांना एका ग्रुपमध्ये घाला, फोल्डरला तो ग्रुप लावा आणि २७७५ द्या: ग्रुपलाही लिहिता येतं, आणि पुढच्या २ मुळे नव्या फाइलींना तोच ग्रुप लागतो. फाइल खोडता येणं फोल्डरच्या परवानगीवर ठरतं, फाइलच्या नव्हे.

सर्वांत घातक गैरसमज वेगळाच आहे: ६४४ मध्ये 'एक्स' (फाइलच्या बाबतीत चालवण्याची परवानगी) नाही, म्हणजे कुणी पीएचपी फाइल चढवली तरी ती चालणार नाही. ती चालते! पीएचपीला ती फक्त वाचता आली की झालं. त्यामुळे फाइलचं नाव स्क्रिप्टनेच ठरवावं, एक्स्टेंशन जेपीजी, पीएनजी एवढीच घ्यावीत, आणि अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालणं सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधून बंद करावं. त्याहून पक्कं म्हणजे फोल्डर वेब रूटच्या (वेबवरून थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवून फोटो स्क्रिप्टमधूनच दाखवणं.