जागा सोडणारी तीन माणसं : द पोलीसचे पाच अल्बम

आधी हे ऐका. पियानोचा एक भलताच वेडावाकडा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजलेले काही सूर, आणि मागे कोणीतरी हसतंय. द पोलीस या रॉक बँडच्या 'रॉक्सॅन' गाण्याची सुरुवात आहे ही. बँडचा गायक आणि बेसवाला स्टिंग स्टुडिओतल्या पियानोवर टेकायला गेला, त्याला वाटलं झाकण बंद आहे, ते होतं उघडं, बसला तो थेट पट्ट्यांवर. सगळ्यांना हसू आलं आणि ते तसंच ठेवून दिलं रेकॉर्डवर.

मग गिटार येते. चक. चक. आणि मधे काहीच नाही. खरंच काही नाहीये. मामाच्या कॅसेटवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलेलं टेप खराब झालीये, एखादं वाद्य पुसलं गेलंय.

आपल्याकडे गाणाऱ्याला दाद देताना म्हणतात ना, काय जागा घेतली राव! हे तिघं उलटे, हे जागा सोडतात. आणि माझ्या मते त्यांचे पाचही अल्बम म्हणजे ती सोडलेली जागा हळूहळू भरत गेल्याची गोष्ट आहे.

१९७७, लंडन. सगळीकडे पंक, म्हणजे राकट, बंडखोर रॉक. तीन कॉर्ड, आरडाओरडा, वाद्य येत नसेल तर उत्तमच. आणि त्यात हे तिघं, ज्यांना वाद्य जरा जास्तच चांगलं येतं. स्टिंग न्यूकॅसलकडचा, शाळेत मास्तर होता, जॅझ वाजवायचा. गिटारवाला अँडी समर्स त्याच्यापेक्षा जवळपास नऊ वर्षांनी मोठा, म्हणजे पंकच्या हिशोबात आजोबाच. ड्रमर स्टुअर्ट कोपलंड अमेरिकन, पण वाढला कैरो आणि बैरूतमध्ये. तिघांचे ते पिवळे केस? ते बंडबिंड काही नाही, च्युइंगगमच्या जाहिरातीत काम मिळालं म्हणून रंगवले. पंकवाले यांना नकली म्हणायचे ते अगदीच चुकीचं नव्हतं.

पहिला अल्बम 'आउटलँडोस द'आमूर', १९७८. स्टुअर्टचा भाऊ माइल्स मॅनेजर, त्याने १५०० पाउंड उसने दिले. स्टुडिओ लेदरहेड नावाच्या गावात, एका डेअरीच्या वर, आणि चालवणारा नायजेल ग्रे हा पेशाने डॉक्टर. जेव्हा स्टुडिओ मोकळा तेव्हा जाऊन थोडं थोडं रेकॉर्ड करायचं, असं करत सहा महिने. पैसे नाहीत, माणसं तीनच, त्यामुळे गाणं मोकळं राहिलं ते थोडं मजबुरीनेही. पण मजबुरीची स्टाइल झाली ती दुसऱ्या अल्बममध्ये.

'रेगाटा द ब्लांक', १९७९. माझा सगळ्यात आवडता, सांगूनच टाकतो. रेकॉर्ड कंपनी म्हणाली मोठ्या स्टुडिओत जा, हे म्हणाले नको, आमची डेअरीच बरी. स्टिंगकडे पुरेशी गाणी नव्हती म्हणून स्टुअर्टची दोन-चार घेतली, ती ठीकठाकच आहेत. पण 'वॉकिंग ऑन द मून' लावा आणि फक्त ड्रम्स ऐका. यांचा ठेका रेगेचा, म्हणजे जमैकाच्या संगीताचा, आणि रेगेमध्ये पहिल्या मात्रेवर ठोका नसतो, तो येतो तिसऱ्या मात्रेवर. म्हणजे आपला कान समेची वाट बघतोय आणि हा पठ्ठ्या बरोब्बर समेवर गप्प. स्टुअर्ट सांगतो की अरबी तालातही तिसरी मात्रा अशीच महत्त्वाची, बैरूतमध्ये लहानपणापासून तेच कानावर, त्यामुळे रेगे त्याला परका वाटलाच नाही. बेस तीन-चार सूर वाजवून थांबतो, गिटारचा एक कॉर्ड पडतो आणि विहिरीत दगड टाकल्यासारखा घुमत राहतो, आणि त्या घुमण्यात हाय-हॅटची, म्हणजे ड्रम्सच्या जोड-झांजांची, टिकटिक इकोमधून दुप्पट होऊन येते. तीन माणसं आणि ऐकायला अख्खं मैदान.

मार्च १९८० मध्ये हे लोक मुंबईतही वाजवून गेले, माहितीये? टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या क्लबने चॅरिटीसाठी शो ठेवला होता. इंग्लंडात नंबर वन झालेला बँड, आणि त्या काळात रॉक बँड वर्ल्ड टूरला निघाला तरी इकडे कोण फिरकत होतं!

तिसरा 'झेन्याटा मोंडाटा', त्याच वर्षी. हॉलंडमध्ये, चार आठवड्यांत, मधेच दोन शो, आणि ज्या दिवशी टूर सुरू त्याच दिवशी पहाटे चारला अल्बम संपवला. घाई ऐकू येते. पण किस्सा भारी आहे. अँडीने 'बिहाइंड माय कॅमल' नावाची धून केली, स्टिंगला ती इतकी नावडती की तो वाजवेचना, बेससुद्धा अँडीनेच वाजवला. स्टिंगने एक दिवस ती टेप उचलली आणि स्टुडिओमागच्या बागेत चक्क पुरली! शेवटी त्या धूनला ग्रॅमी मिळालं.

'घोस्ट इन द मशीन', १९८१, इथे जागा भरायला लागते. नवा प्रोड्युसर ह्यू पॅजम, काम कॅरिबियनमधल्या मोन्सेरात बेटावर, बीटल्सचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन याच्या स्टुडिओत. कीबोर्ड आले, स्टिंग सॅक्सोफोनचे थर चढवतोय. 'एव्हरी लिटल थिंग'चा तर डेमोच, म्हणजे स्टिंगने आधी करून ठेवलेलं कच्चं रेकॉर्डिंगच, इतका भरलेला होता की बँडने खूप प्रयत्न केले, जमेना, शेवटी त्याच डेमोवर स्टुअर्टने ड्रम्स वाजवले. गाणं झकास आहे, प्रश्नच नाही. पण अँडीची गिटार शोधावी लागते.

आणि १९८३ चा 'सिंक्रॉनिसिटी'. तेच बेट, तोच स्टुडिओ, पण तिघं तीन खोल्यांत. स्टिंग कंट्रोल रूममध्ये, अँडी मुख्य हॉलमध्ये, स्टुअर्ट वर डायनिंग रूममध्ये ड्रम्स मांडून. कारण सांगायचं झालं तर आवाज चांगला येतो म्हणून, पण तोवर समोरासमोर आले की भांडण ठरलेलं. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'चा स्टिंगचा डेमो ऑर्गनवर होता. तो अँडीला म्हणाला जा, तुझ्या पद्धतीने काहीतरी वाजव. अँडीने ते गिटारवर सुट्या सुरांत सोडवलं, एका टेकमध्ये. तेच ते, जे आज कुणीही ओळखतं. गीतकार म्हणून नाव मात्र एकट्या स्टिंगचं. अमेरिकेत गाणं आठ आठवडे आणि अल्बम सतरा आठवडे नंबर वन, बँड जगातला सगळ्यात मोठा, आणि आतून संपलेला.

१९८६ मध्ये परत एकदा स्टुडिओत जमले. आदल्या दिवशी स्टुअर्ट घोड्यावरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, ड्रम्स वाजवणं बंद. मग ड्रम्स मशीनवर करायचे ठरले, तर कोणतं मशीन यावर भांडण, स्टुअर्टला फेअरलाइट हवं, स्टिंगला सिंक्लॅव्हियर. हातात आलं काय, तर 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' या जुन्याच गाण्याचं नवं रूप. त्यात मशीन प्रत्येक मात्रा भरून काढतं, एकही सोडत नाही. मी ते पूर्ण ऐकत नाही. अर्ध्यात बंद करतो आणि १९८० चं लावतो.