ओसरीपर्यंत की माजघरापर्यंत?

(दृश्य : समुद्राकाठचा प्रक्षेपणतळ, उतरतं ऊन, लाटांचा आवाज.)

२ फेब्रुवारी २०२५. जपानच्या दक्षिणेकडचं तानेगाशिमा बेट. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत आणि एच-३ रॉकेट धुराचा लोट सोडत वर निघालंय. त्याच्या माथ्यावर आहे 'मिचिबिकी' मालिकेतला सहावा उपग्रह.

मिचिबिकी म्हणजे वाट दाखवणं. या उपग्रहांचं कामही तेच. जपानच्या शहरांत उंच इमारती आणि बाकीचा बराचसा मुलूख डोंगराळ. त्यामुळे अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह कधी इमारतीआड जातात, कधी डोंगराआड. म्हणून जपानने जीपीएसशी जुळणारे स्वतःचे उपग्रह सोडले. त्यातल्या काहींची कक्षा अशी आखली, की आळीपाळीने एक तरी जवळजवळ डोक्यावर असावा.

पण या सहाव्या उपग्रहावर वाट दाखवण्याशी काही संबंध नसलेली एक वस्तू बसवलेली आहे. ती अमेरिकेच्या स्पेस फोर्सची, म्हणजे अंतराळ दलाची आहे आणि बनवली आहे एमआयटी या तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेने. हे उपकरण खाली जमिनीकडे बघत नाही. ते शेजारपाजार न्याहाळतं.

(दृश्य : पृथ्वीभोवतीचं कडं, त्यावर ठिपके.)

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर उपग्रहांची एक वस्ती आहे. तिथला उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, त्यामुळे खालून बघताना तो एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. टीव्ही, हवामान, लष्करी संदेश अशी बरीच कामं याच वस्तीतून चालतात. गेल्या काही वर्षांत इथले काही उपग्रह आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जवळ सरकताना दिसलेत. ते दुरुस्तीला चाललेत, डोकवायला चाललेत की आणखी कशाला, हे जमिनीवरच्या दुर्बिणीतून नीट कळत नाही. दिवसा आकाश उजळलेलं असतं, रात्री ढग आडवे येतात. पहारा ठेवायचा तर पहारेकरी वरच हवा.

तर उपग्रह जपानचा, रॉकेट जपानचं आणि डोळा अमेरिकेचा. जपानने जागा दिली, वीज दिली, भाडोत्र्यासारखं वर नेऊन सोडलं. अमेरिकेचा वेगळ्या उपग्रहाचा खर्च वाचला. अंतराळात आणि सायबर सुरक्षेत ही दोस्ती घराच्या किती आतपर्यंत येऊ शकते, ते बघू.

जाता जाता एक गोष्ट. याच तानेगाशिमावर १५४३ साली पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर जपानमध्ये पहिल्यांदा तोड्याची बंदूक आली. पुढे जपानी लोक त्या बंदुकीलाच 'तानेगाशिमा' म्हणू लागले. परदेशी यंत्र हाताळणं या बेटाला नवं नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं, करारावर सह्या.)

आता थोडं मागे जाऊ. १९ जानेवारी १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये जपान आणि अमेरिकेच्या सुरक्षा कराराचा आजचा मसुदा सही झाला. त्याचं पाचवं कलम हा या दोस्तीचा कणा. जपानच्या प्रशासनाखाली असलेल्या प्रदेशात दोघांपैकी कुणावरही सशस्त्र हल्ला झाला, तर दोघं मिळून त्या धोक्याला तोंड देतील, असं ते सांगतं. 'प्रदेश' हा शब्द लक्षात ठेवा. १९६० साली हल्ला म्हटला की डोळ्यांसमोर यायची जहाजं, विमानं, फार तर क्षेपणास्त्रं. ती कुठल्या तरी जमिनीवर किंवा पाण्यावर येऊन आदळणार.

पण उपग्रह कुणाच्या प्रदेशात असतो? आणि सर्व्हरमध्ये, म्हणजे जाळ्यातल्या मुख्य संगणकात शिरलेला चोर नेमका कुठे उभा असतो?

यातल्या सर्व्हरच्या प्रश्नाला उत्तर आधी मिळालं. एप्रिल २०१९ मध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्र आणि संरक्षण मंत्र्यांनी जाहीर केलं, की काही परिस्थितींत सायबर हल्ला हाही पाचव्या कलमातला सशस्त्र हल्ला ठरू शकतो. अंतराळाची पाळी जानेवारी २०२३ मध्ये आली. अंतराळावर, अंतराळातून किंवा अंतराळात झालेला हल्ला पाचवं कलम लागू व्हायला कारण ठरू शकतो, असं ठरलं. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, 'शकतो'. प्रत्येक प्रसंग तपासून, आपसांत बोलून काय ते ठरवायचं.

ही पळवाट वाटेल, पण मला ती जाणूनबुजून ठेवलेली दिसते. रेघ स्पष्ट मारली, तर समोरचा रेघेच्या चार बोटं अलीकडे उभा राहून हवं ते करायला मोकळा.

जपानला इथवर यायला वेळ लागला, हेही सांगायला हवं. १९६९ मध्ये जपानच्या संसदेने ठराव केला होता, की अंतराळाचा वापर फक्त शांततेच्या कामासाठी. मग ३१ ऑगस्ट १९९८ रोजी उत्तर कोरियाचं रॉकेट जपानच्या डोक्यावरून गेलं. २००३ मध्ये जपानचे पहिले टेहळणी उपग्रह वर गेले आणि २००८ च्या कायद्याने संरक्षणासाठी अंतराळ वापरायची दारं उघडली. मे २०२० मध्ये टोकियोजवळच्या फुचू तळावर हवाई दलाचं पहिलं अंतराळ पथक उभं राहिलं. पथकात माणसं किती? जेमतेम वीस.

(दृश्य : पवनचक्क्यांची रांग, पाती फिरताहेत.)

अंतराळ आणि सायबर ही दोन खाती वेगळी आहेत, हा समज २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे मोडला. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरत होतं, त्याच सुमारास व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहावर चालणारी हजारो मोडेम, म्हणजे इंटरनेट जोडून देणारी यंत्रं एकाएकी निकामी झाली. उपग्रहाला ओरखडाही आला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरच्या नियंत्रण जाळ्यात शिरले होते आणि तिथून त्यांनी मोडेमची स्मृती खरवडून टाकणारे हुकूम सोडले होते. त्याचा फटका बसला तो जर्मनीपर्यंत. तिथल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्या फिरत होत्या, वीजही देत होत्या, पण त्यांच्याशी दुरून होणारं बोलणं तुटलं होतं.

थोडक्यात, ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाची सेवा बंद पाडायला रॉकेट लागत नाही. कुणाचा तरी पासवर्ड पुरतो.

(दृश्य : कंटेनर बंदर, थांबलेल्या क्रेन.)

जपानने हे आपल्या अंगणात पाहिलं ते ४ जुलै २०२३ ला. नागोया हे मालाच्या उलाढालीत जपानचं सगळ्यात मोठं बंदर. सकाळी कंटेनर हलवणारी संगणक यंत्रणा बंद पडली. काय झालंय ते शोधायची धावपळ सुरू असताना यंत्रणेच्या प्रिंटरमधून कागद बाहेर आला. त्यावर खंडणीची मागणी होती. लॉकबिट नावाच्या टोळीचं हे काम. कंटेनर उचलायचं काम पुन्हा सुरू व्हायला ६ तारीख उजाडली. तोवर बाहेर ट्रक रांगेत उभे.

अशा वेळी दोस्त काय करू शकतो? इथे खरी अडचण सुरू होते. उपग्रहावर मित्राचं उपकरण बसवणं म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवणं. चहापाणी झालं, गप्पा झाल्या, घरातलं घरात राहिलं. सायबरमध्ये ते चालत नाही. चोर तुमच्या जाळ्यात कुठे दडलाय हे मित्राने शोधायचं, तर त्याला माजघरात, कपाटापर्यंत न्यावं लागतं. तिथे चोराच्या खुणांबरोबर घरच्याही चार गोष्टी त्याला दिसणार.

ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने एक बातमी दिली. चीनचे हॅकर जपानच्या संरक्षण खात्याच्या जाळ्यात खोलवर शिरल्याचं अमेरिकेला २०२० च्या अखेरीस कळलं होतं. अमेरिकी सैन्याच्या सायबर विभागाचे, सायबर कमांडचे, तेव्हाचे प्रमुख जनरल पॉल नाकासोने स्वतः टोकियोला गेले. पण मदतीला अमेरिकी पथक आत घ्यायला जपान कचरला. दुसऱ्या देशाचं सैन्य आपल्या जाळ्यात कसं फिरू द्यायचं? शेवटी मधला मार्ग निघाला. तपासणी जपानी कंपन्यांनी करायची आणि निष्कर्ष अमेरिकेने बघायचे. माहिती फुटल्याची खात्री झालेली नाही, असं जपान सरकारने त्या बातमीनंतर सांगितलं.

मला यात जपानचा ताठा दिसत नाही. कुणीही कचरलं असतं.

शिवाय एक घरचीच अडचण होती. जपानच्या राज्यघटनेचं २१ वं कलम संदेशवहनाची गुप्तता मोडायला मनाई करतं. युद्धकाळातली सेन्सॉरशिप भोगलेल्या देशातलं हे कलम. ते सहज बाजूला सारता येत नाही. पण हल्ला होण्याआधी त्याची चाहूल घ्यायची, तर जाळ्यावरची रहदारी बघावीच लागते. बराच खल होऊन १६ मे २०२५ रोजी कायदा झाला. परदेशांशी होणाऱ्या संपर्कातले संगणकांचे पत्ते वगैरे सरकारला तपासता येतील, मजकूर वाचता येणार नाही. हल्ला करणारा सर्व्हर निकामी करायचा अधिकार पोलीस आणि सैन्याला मिळाला, वर देखरेखीला स्वतंत्र समिती. त्याच दिवशी आणखी एक कायदा अमलात आला. आर्थिक सुरक्षेची गोपनीय माहिती कुणाच्या हाती द्यायची, त्या माणसाची आधी छाननी करण्याचा. मित्र आपली गुपितं सांगायला कचरतो, त्यामागे असल्या छाननीचा अभावही असतो.

(दृश्य : चंद्राचा खडकाळ पृष्ठभाग, संगणकचित्र.)

चंद्राचं सहकार्य त्या मानाने सोपं. एप्रिल २०२४ मधल्या करारानुसार जपान चंद्रावर चालणारी हवाबंद गाडी देणार. आत दोन अंतराळवीर अंतराळपोशाख न घालता ३० दिवसांपर्यंत राहू शकतील. बदल्यात अमेरिका दोन जपानी अंतराळवीरांना चंद्रावर उतरवणार. गाडी द्या, जागा घ्या. इथे कुणाला कुणाचं कपाट उघडावं लागत नाही.

(दृश्य : अंधारी खोली, संगणकाचा पडदा.)

आणि लॉकबिटचं काय झालं? नागोयाच्या वेळी पाचव्या कलमाचा प्रश्नच नव्हता. हा खंडणीखोरांचा गुन्हा होता आणि त्यांचा माग काढला पोलिसांनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय गुन्हे संस्था, अमेरिकेची एफबीआय आणि आणखी बऱ्याच देशांच्या यंत्रणांनी मिळून टोळीची संकेतस्थळं ताब्यात घेतली. टोळीने कुलूपबंद केलेल्या फायली सोडवणारं एक साधन याच सुमारास सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. ते तयार केलं होतं जपानच्या पोलिसांनी. ज्या पानावर टोळी खंडणी न देणाऱ्यांची नावं टांगायची, तिथे आता झेंड्यांची ओळ झळकत होती. त्यात अमेरिकेचा होता आणि जपानचाही.

(दृश्य : नागोया बंदर. क्रेन हलते, कंटेनर उचलला जातो.)