हापशाकडं नुसतं बघितलं तरी

(जालन्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झाल्यावर काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या, असं संयोजकांनी मला सांगितलं. संतसाहित्य झालं, पाणीप्रश्न झाला आणि आज मारधाडीच्या पिक्चरचा दुसरा भाग! पण मंडळी, हे खूळ काही परवा अमेरिकेतून आलेलं नाही. १९३५ साली मुंबईच्या वाडिया बंधूंनी ‘हंटरवाली’ काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया त्यात चाबूक घेऊन भल्याभल्यांना लोळवते. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आला. त्यातही नादियाच. म्हणजे आपले आजोबासुद्धा ‘पार्ट टू’ला शिट्ट्या मारून आलेले असू शकतात. घरी सांगितलं नसेल, एवढंच. (हशा)

मी बोलतोय ते जुन्या धाटणीच्या सीक्वेलबद्दल. तोच हिरो, फक्त वय वाढलेलं. गोष्ट त्याच बैठकीत संपते. शेवटी नावं वर सरकत असताना पुढच्या पिक्चरची जाहिरात येईल म्हणून खुर्चीला चिकटून बसावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे ओळख करून देण्यात वेळ जात नाही, कारण हिरोला आपण आधीच ओळखतो. हा वाचलेला वेळ दिग्दर्शक कशावर खर्च करतो, त्यावर त्याची लायकी ठरते.

‘गदर’ घ्या. २००१ साली सनी देओलनं जमिनीतून हापसा उपटला आणि अख्ख्या देशाच्या तो डोक्यात बसला. २०२३ मध्ये ‘गदर २’ आला. जमाव चहूबाजूंनी तारासिंगच्या, म्हणजे सनी देओलच्या, अंगावर येतोय, त्याची नजर बाजूच्या हापशाकडं जाते आणि जमाव पळत सुटतो. हापसा जागेवरच! आता मला सांगा, त्या जमावाला काय माहीत, हा माणूस हापशाचं काय करतो ते? पण तो जमाव पहिला भाग बघून आलाय! (हशा, टाळ्या) बावीस वर्षांपूर्वीच्या एका दृश्याची आठवण प्रेक्षकांच्या डोक्यात शिल्लक होती. दिग्दर्शकानं तेवढी चाळवली आणि बाकीचं काम आपल्याकडून करून घेतलं. मारामारी न दाखवता मारामारीची मजा दिली. पहिल्या भागात हे जमलंच नसतं.

हापशाचा विषय निघालाच आहे तर जालन्यात बोलताना एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. गावोगावी दिसणाऱ्या ‘इंडिया मार्क टू’ हापशाची मुळं शोधत गेलं की आपण याच गावात येतो. साठच्या दशकात इथल्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी पोलादी हापसा बनवला. बिडाचे हापसे गावच्या वापरानं मोडून पडायचे, त्यावरचा हा उपाय. पुढं सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं ‘मार्क टू’ तयार झाला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढलाय, त्यांना हापसा म्हणजे काय हे सांगायला नको. सनी देओलनं आपल्याकडं येऊन हापसा उपटला असता तर आधी बायकांनी घागरी घेऊन त्यालाच घेरलं असतं.

‘गदर २’ मला पूर्ण आवडला, असं मात्र समजू नका. आरडाओरडा फार, शत्रू पुठ्ठ्याचे आणि लांबण उगाच. पहिल्या भागात अमरीश पुरींचा अश्रफ अली समोर होता म्हणून तारासिंग मोठा वाटायचा. तसा सासरा दुसऱ्या भागात नाही आणि ती जागा भरत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एक पोरगा म्हणाला, “सर, पहिला गदर आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी तो अजून बघितलेला नाही. तरी हापशाला शिट्टी मी पण मारली.” खरंय. ती आठवण त्याला आईबापाकडून, टीव्हीवरच्या तुकड्यांतून, नकला करणाऱ्या मामाकडून आयती मिळालेली. म्हणजे थेटरात जी आठवण कामाला येते ती एकट्याची नसतेच.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तो पिक्चर. ‘टॉप गन’ १९८६ चा, त्याचा दुसरा भाग ‘टॉप गन : मॅव्हरिक’ २०२२ चा. छत्तीस वर्षांचं अंतर. कामगिरी साधी : अरुंद दरीतून रडारखाली राहत विमानं न्यायची, डोंगर चढून पलीकडं सूर मारायचा, एका छोट्या तोंडावर बॉम्ब टाकायचा आणि समोरच्या कड्यावरून सरळ वर निघायचं. हे सगळं आपल्याला आधी नकाशावर दाखवतात. मग तरुण वैमानिक पोरं सराव करतात आणि नापास होतात. एक जण वर चढताना बेशुद्ध पडतो. वरचा अधिकारी अडीच मिनिटांची वेळ वाढवून चार मिनिटं करतो, तेव्हा त्यांना शिकवणारा मॅव्हरिक, म्हणजे टॉम क्रूझ, परवानगी न घेता विमान काढतो आणि सव्वादोन मिनिटांत करून दाखवतो. खरी कामगिरी सुरू होते तेव्हा त्या वाटेचं वळण न् वळण आपल्याला पाठ असतं. कन्नडचा घाट रोज उतरणाऱ्या ड्रायव्हरशेजारी बसल्यासारखं. कुठं पोटात गोळा येणार, हे आधीच माहीत असतं, म्हणूनच तो जास्त येतो.

आजच्या कितीतरी पिक्चरांत कोण कुठं आहे आणि कुणाला कुठं जायचंय, हेच कळत नाही. नुसता धुरळा. इथं मात्र नटांना खरोखर एफ-१८ विमानांत मागच्या सीटवर बसवलं. पुढं नौदलाचे वैमानिक. टॉम क्रूझलासुद्धा ते विमान चालवायची परवानगी मिळाली नाही. कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे, आणि ते चालू-बंद करायचं काम नटांचंच, कारण दिग्दर्शक जमिनीवर. वळण घेताना गाल खाली ओघळतात, मान छातीत रुतते, श्वास अडकतो, बोलणं तुटतं. हा अभिनय नाही, शरीरावर पडलेलं वजन आहे.

एक खोट सांगतो. शत्रू कोण, हे पिक्चर सांगतच नाही. अमेरिकी नौदलाची विमानं वापरायची आणि बॉम्ब कुणावर पडले ते विचारायचं नाही, असा तो व्यवहार. मजा घेताना हे डोळ्याआड करू नये. मी ते बघितलं, आणि तरी मजा घेतली.

याच्या उलट तऱ्हा ‘टर्मिनेटर २’ची, १९९१. आपल्याकडं त्याचं नाव ‘अर्नोल्डचा पिक्चर’. पहिल्या भागात जो मारायला आला होता तोच आता वाचवायला आलाय. सुरुवातीला दिग्दर्शक हे आपल्याला कळू देत नाही. पहिला भाग बघितलेला प्रेक्षक अर्नोल्डलाच भितो आणि मॉलच्या गल्लीत फसतो. त्यातलं हेलिकॉप्टर खरोखर पुलाखालून उडवलंय.

शनिवारी याच सभागृहात ‘मॅव्हरिक’ दाखवायचं ठरतंय. ज्यांनी १९८६ चा ‘टॉप गन’ बघितला नाही त्यांनी तो आधी बघून या. थोडा कंटाळवाणा आहे, गाणी चांगली आहेत. आणि त्यातला आइसमन नावाचा वैमानिक नीट लक्षात ठेवा. त्याचं काम करणाऱ्या व्हॅल किल्मरचा आवाज पुढं घशाच्या कॅन्सरनं गेला. दुसऱ्या भागात तो आपलं म्हणणं कॉम्प्युटरवर टाइप करतो. तो प्रसंग सुरू झाला की शेजारच्याशी बोलू नका.