लॅम रोड ते तीर्थन

[नाशिकजवळचं देवळाली. लॅम रोडचं मैदान. सकाळ.]

मैदानावर फिरायला येणाऱ्यांना आता काकांची सवय झाली आहे. सुरुवातीला लोक थांबून बघायचे. पासष्टी ओलांडलेला माणूस कोरड्या गवतात उभा राहून आठ फुटी काठी मागे-पुढे करतोय. काठीला पिवळी दोरी, दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा. गळ नाही, आणि पाणी तर नाहीच. एक आजी अजूनही जाता जाता विचारतात, "लागलं का काही?" काका म्हणतात, "आज नाही आजी, उद्या बघू."

ही फ्लाय फिशिंगची तालीम आहे. एरवी गळ टाकताना शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागे फरफटत जातो. इथे उलटा कारभार. फ्लाय म्हणजे गळावर पिसं बांधून केलेला खोटा किडा. ती इतकी हलकी असते की फेकताच येत नाही. फेकायची ती दोरी. वजन तिच्यात असतं. हवेत मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडली की मगच हात पुढे आणायचा. तेवढा क्षणभर थांबणं, हीच सगळी विद्या. घाई केली की गुंता थेट डोक्यावर.

[लोखंडी ट्रंक. झाकण उघडतं.]

आजोबा, म्हणजे काकांचे वडील, तोफखान्यात होते. सत्तरच्या दशकात त्यांचं पोस्टिंग काश्मीरला होतं. शाळेच्या सुट्टीत, पहलगामजवळ लिद्दर नदीच्या काठी, काका ट्राउट पकडायला शिकले. हा मासा मूळचा आपल्याकडचा नव्हे. हिमालयातल्या थंड नद्या बघून इंग्रजांनी विलायतेतून त्याची अंडी मागवली. 1899 मधली पहिली खेप वाया गेली. 1900 मध्ये आलेली जगली. पुढे 1909 च्या सुमारास ट्राउट कुलूच्या खोऱ्यातही पोचला.

नाशिकपर्यंत तो कधीच येणार नव्हता. पाणी 20 अंशांच्या वर जाऊ लागलं की ट्राउटचा जीव घाबरा होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गंगापूर धरणात रोहू, कटला मजेत वाढतात. ट्राउटला तिथला एक उन्हाळाही निघायचा नाही. आजोबा निवृत्त होऊन देवळालीला आले तशी ट्रंक माळ्यावर गेली. मग काकांची नोकरी, लग्न, घराचं कर्ज. ते सगळ्यांचंच असतं.

[सामान एकेक करून सतरंजीवर.]

ट्रंकेतली पिसं कसरीनं खाल्लेली. डांबरगोळ्या कधीच उडून गेलेल्या. फ्लायच्या डबीत उरले ते गंजके गळ आणि थोडा भुसा. नायलॉनची तंगूस बोटांनी ओढली तर तुटली. जुन्या दोरीला जागोजागी भेगा. हे सगळं टाकून दिलं, आणि ते बरोबरच. जुनं म्हणून जपायच्या या वस्तूच नाहीत. नेमक्या मासा लागल्यावर दगा देतात.

रॉड मात्र जसाच्या तसा. फायबरग्लासचा, मधासारख्या रंगाचा, दोन तुकड्यांत. मुठीचा बूच मळून काळा पडलेला; साबण आणि ओल्या पॉलिश पेपरनं घासला तर खालून पुन्हा पिवळा निघाला. कड्यांवरचा दोरा दोन ठिकाणी सुटला होता. काकूंच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा घट्ट गुंडाळून काकांनी त्यावर वॉर्निश चढवलं. मुठीच्या वर पुसटसा 6 चा आकडा आहे. रॉडला कुठल्या वजनाची दोरी हवी, ते हा आकडा सांगतो. सहा नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट 160 ग्रेन भरतात, म्हणजे दहा ग्रॅमच्या थोडं वर.

पंचाईत झाली ती रीळची. आत एक दातेरी चाक असतं आणि त्यावर टेकलेला, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसला छोटा कुत्रा. तो झिजून गोल झाला होता. त्यामुळे रीळ मोकळं फिरायचं, दोरीला अटकावच नाही. असला पार्ट आता मिळायचा कुठे? पण सातपूरची एमआयडीसी जवळ असताना नाशिककरानं काळजी कशाला करायची! तिथल्या एका वर्कशॉपवाल्यानं नमुना हातात घेतला, भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "काका, हे करायला मजा येईल." पैसे घेतले चहाचे.

नव्या फ्लायसाठी पिसं आली नाशिकच्या भद्रकालीतून. ब्रॉयलरची चालत नाहीत, मऊ पडतात. गावठी कोंबड्याच्या मानेवरची हवीत, कडक आणि चकचकीत. म्हणजे फ्लाय पाण्यावर उभी राहते.

[गंगापूर धरणाचं बॅकवॉटर.]

गवतावर हात बसला, तरी पाणी दोरीला धरून ठेवतं, त्याचा अंदाज वेगळा घ्यावा लागतो. म्हणून एक सकाळ धरणाच्या काठी. फ्लायचा गळ पक्कडीनं कापलेला. ट्यूबवर बसून जाळं टाकणारा एक जण वल्हवत जवळ आला.

"एवढ्याशा काठीनं केवढा मासा धरता?"

"पाव किलोचा. आणि तोही सोडून देणार."

"मंग कशाला?"

याला काकांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

[तीर्थन नदी, हिमाचल. ऑक्टोबर.]

लिद्दरला का नाही गेलात, असं मी विचारलं. "तिथे मासे कमी आणि आठवणीच जास्त पकडल्या असत्या," काका म्हणाले. तीर्थन त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. मत्स्य विभागाचं लायसन्स काढलं. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीसाठी मासेमारी बंद असते, म्हणजे हाताशी दिवस थोडे.

सोबतच्या स्थानिक मुलाकडे नवा ग्राफाइटचा रॉड, ताठ आणि चपळ. लांब फेकायला तो केव्हाही सरस. पण इथे नदी दगडांमधून उड्या मारत येते, फेकायचं ते पंधरा-वीस फुटांवर. एवढ्या अंतरात ताठ रॉड वाकतच नाही. काकांचा जुना रॉड मुठीपर्यंत वाकतो आणि फ्लाय अलगद ठेवतो.

[जवळून: खडकामागचं संथ पाणी.]

फ्लाय फेसाच्या कडेनं आली. पाण्याला एक खळी पडली. काकांनी रॉड उचलला आणि रीळ ओरडलं, कर्रर्र! ब्राउन ट्राउट. पाठ तपकिरी, पोटाकडे सोनेरी, अंगावर काळे-लाल ठिपके आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. गळाचा काटा आधीच दाबून टाकलेला, त्यामुळे तो सहज निघाला. काकांनी ओल्या हातांनी मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. शेपटीत जोर येताच तो निसटला.

मला वाटलं, आता काका काहीतरी बोलतील. बोलले. "आवाज जाड येतोय. पूर्वी बारीक यायचा."

संध्याकाळी त्यांनी सातपूरला फोन लावला. "कुत्रा अर्धा मिलिमीटर घासावा लागेल."

"घासू की, घेऊन या. मासा केवढा होता काका?"

"हॅलो? हॅलो? रेंज नाहीये इथे," म्हणत काकांनी फोन ठेवला. मासा वीतभर होता. आणि वर चार बोटं.